मुकी पट्टी

नातीनं जुना इलेक्ट्रिक पियानो आणलाय. आवाज गोड आहे, पण एक पट्टी दाबली की नुसतं खट्ट वाजतं. ते ऐकलं आणि मी निमगावच्या देवळात जाऊन पोचले.

पंचावन्न सालाच्या आसपास तिथं पुरुषच भजनाला बसायचे. माझे वडील, तात्या, पेटी वाजवायचे. एका संध्याकाळी त्यांनी मला शेजारी बसवलं.

"पोरगी कशाला हितं?" कुणीतरी कुरकुरलं.

"माझ्या पेटीची एक पट्टी मुकी हाय. तेवढा सूर ही देती," तात्या म्हणाले.

त्यांनी पट्टी दाबली. फुस्सकन हवा गेली. मी घाबरत सूर लावला आणि भजन पुढं चाललं. त्यानंतर मी आयुष्यभर गातच राहिले.

बारामतीपासून इंदापूरपर्यंत सगळ्यांच्या पेट्या तात्याच दुरुस्त करायचे. स्वतःची तेवढी त्यांनी शेवटपर्यंत तशीच ठेवली.