न धुतलेल्या अंगानं

मी लिंगवंताची लेक. अंगोळ केल्याशिवाय गळ्यातल्या इष्टलिंगाला कधी हात लावला न्हाई. त्या सकाळी तुरीच्या रानात गावच्या पुढाऱ्याच्या पोरानं माझ्यावर जबरदस्ती केली. कशीबशी घरी आले, अन् मनात आलं, आता गळ्यातल्या लिंगाची पूजा कोणत्या तोंडानं करू? मग रागच आला. देवा, तू तर माझ्या गळ्यातच होतास की! कामून बघत बसलास?

माझी आई, आमची अव्वा, रडत रडत पाणी तापवायली होती. "आधी अंगोळ कर बाई. ती साडी जाळून टाकू. कुणाला सांगू नको." मी न्हाणीत बसले, तांब्या उचलला, तेवढ्यात दारात कुणीतरी "शरणु" म्हणालं. भिक्षेला आलेली आमच्या लिंगवंतांतली जंगम बाई होती, आधी कधी न पाहिलेली. अव्वाचं तोंड बघून तिनं काय ते ओळखलं, सरळ आत आली अन् माझ्या हातातला तांब्याच काढून घेतला.

"अंगोळ करू नको. साडी बदलू नको. पुरावा अंगावरच हाय, पाण्यानं जाईल. माझ्या बहिणीचा असाच गेला."

"पण अक्का, असल्या अंगानं लिंग?"

"शिवाला शरण गेलेल्याला सुतक न्हाई, हे शिकली न्हाईस व्हय? विटाळ झाला असंल तर त्याला. तुला कशाचा गं?"

बिदरच्या बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली. दवाखान्यात डॉक्टरबाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "इथं हात लावू का? नको असंल तर थांबते." त्या दिवशी मला विचारणारं ते पहिलंच माणूस. मी हुंदके देत व्हय म्हणाले. नखांखालचं, अंगावरचं, साडी, सगळं वेगवेगळं बांधून सील झालं. बाहेर येऊन बाकावर बसले, लिंग तळहातावर घेतलं अन् तशीच पूजा केली. एवढी मन लावून कधीच केली नव्हती. डोळे उघडले तर अक्का निघून गेली होती. पुढं लई शोधलं, सापडली न्हाई. तिला कुणी पाठवलं, ह्यावर मी कुणाशी वाद घालत न्हाई. रोज तिच्या नावानं हात जोडते.

कोर्टात त्याचा वकील म्हणाला, "लिंगवंत बाई, अन् अंगोळीशिवाय दिवसभर? हे ठरवून केलं."

"व्हय, ठरवूनच," मी म्हणाले. "त्याची घाण मी कामून धुवायची? तुम्हाला दाखवायला आणली."

त्याला शिक्षा झाली. तरी गावात म्हणतात, देवाला शरण जाऊन गप बसायचं होतं. अहो, देवालाच तर शरण गेले! म्हणून तर त्या पुढाऱ्याच्या पोराला गेले न्हाई.