पुन्हा त्यांच्या हाताखाली

नोकरी गेली तेव्हा माझे यजमान वसई पूर्वेच्या एका कारखान्याचे प्रमुख होते. मालकांनी सगळं गुजरातला हलवायचं ठरवलं आणि तिकडे दुसराच माणूस नेमला. हे वसईजवळच्या होळी गावातल्या बागायतदार घरातले. वडील भाजीपाला करायचे, भाऊ अजून करतो. डिप्लोमा करून शिकाऊ म्हणून लागले आणि कामाच्या जोरावर त्या खुर्चीपर्यंत पोहोचले. त्यामुळे दुसरी नोकरी लगेच मिळेल, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती.

मी शिक्षिका, माझी शाळा सकाळची, दुपारी मी घरी असते. मुलीच्या खोलीत लॅपटॉप उघडून हे मुलाखतीला बसले की स्वयंपाकघरात शब्दन् शब्द ऐकू येतो. यंत्रांवर, उत्पादनावर प्रश्न आले की आवाज भरदार व्हायचा. मग पलीकडून एखादी मुलगी गोड इंग्रजीत विचारायची, तुमचं म्हणणं न पटणाऱ्या सहकाऱ्याला तुम्ही कसं सांभाळता?

"माझ्या प्लॅन्टमध्ये असं कुणी नव्हतं," ह्यांनी सांगितलं.

मी लसूण सोलायची थांबले. ते थाप मारत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

अशा दोन-तीन मुलाखती झाल्यावर, वरच्या पदांसाठी माणसं शोधणाऱ्या सल्लागाराचा फोन आला. अनुभवात तुम्हाला तोड नाही सर, पण सॉफ्ट स्किल्सवर थोडं काम करा, असं त्याने सुचवलं. जेवताना ह्यांनी ते मुलीला सांगितलं आणि चिडले. चिडले की ह्यांच्या तोंडी घरची बोली येते. "म्हंजे काय करू मी? कोना कोनाला ओवाळत फिरू?"

मुलगी अंधेरीला नोकरी करते, हे सगळं तिच्या रोजच्या बघण्यातलं. रविवारी तिने ह्यांना समोर बसवलं. "पप्पा, समजा मी मुलाखत घेतेय. तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा."

"कामातली?"

"कामातलीच."

बराच वेळ विचार करून हे म्हणाले, "नाही आठवत."

"हे उत्तर नाही चालत, पप्पा."

"मग काय खोटं बोलू?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? घरातसुद्धा ह्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी ऐकलेला नव्हता. पण पोरीने चिकाटी सोडली नाही. समोरचा बोलत असताना मधे तोडू नका, मान हलवा, आधी थोडं हसा. हे शाळेतल्या मुलासारखं सगळं करत गेले. एकदा मी कपडे ठेवायला आत गेले तर हे आरशासमोर उभे राहून ओठ ताणत होते. मी आल्या पावली मागे फिरले.

मग बोईसरच्या एका कंपनीत जमत आलं. शेवटच्या फेरीत ह्यांनी कुणाला मधे तोडलं नाही. "तुमचा प्रश्न चांगला आहे," असंही एकदा म्हणाले. मी बाहेर देवासमोर हात जोडले. आता फक्त जुन्या सहकाऱ्याशी कंपनीचं बोलणं व्हायचं राहिलं होतं. ह्यांनी आपल्या हाताखालच्या प्रॉडक्शन मॅनेजरचा नंबर दिला. "माझ्याच हाताखाली तयार झालाय, चांगलंच सांगेल," असं अगदी खात्रीने म्हणाले.

दोन दिवसांनी मी वसई गावात कोर्टाजवळ बसची वाट बघत होते, तेवढ्यात त्याच मॅनेजरचा मला फोन आला. दिवाळीला घरी यायचा, त्यामुळे ओळख होती.

"मॅडम, सर जवळ नाहीत ना?"

"नाहीत. का हो?"

"उद्या त्या कंपनीचा फोन येणार आहे. ते एक प्रश्न हमखास विचारतात. ह्यांच्या हाताखाली पुन्हा काम कराल का?"

"मग?"

रिक्षावाले ओरडत होते, मी दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"माझे वडील ॲडमिट होते तेव्हा सर ड्युटीवरून थेट हॉस्पिटलात येऊन बसायचे, मॅडम. कुणी बोलावलं नव्हतं. ते मी विसरणार नाही. आणि त्याच महिन्यात त्यांनी सगळ्या शिफ्टसमोर माझा रिपोर्ट फाडून खाली टाकला, तेही विसरता येत नाही. त्यांना काही झालं तर मी धावत येईन. पण हाताखाली... काय सांगू मी?"

हॉस्पिटलातलं मला ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. रिपोर्टचंही नाही. एकदा ओठांवर आलं, की 'हो' म्हणून सांगा, काय बिघडतं? पण इतकी वर्षं ह्यांचं खाली मान घालून ऐकत आलेल्या माणसाला पुन्हा मीच गप्प बसवायचं? आणि खरं सांगा म्हणावं, तर घरात आरशासमोर उभा राहिलेला माणूस डोळ्यांपुढे येत होता.

"तुम्हाला जे योग्य वाटेल ते," मी कसंबसं म्हटलं. बस आली आणि गेली. मी चढलेच नाही.

पुढच्या आठवड्यात सल्लागाराने कळवलं, कंपनीला थोडा वेगळा माणूस हवा होता. तो मॅनेजर काय बोलला, मला माहीत नाही. कदाचित त्याने चांगलंच सांगितलं असेल. मी विचारलं नाही, त्यानेही पुन्हा फोन केला नाही.

ह्यांनी मात्र त्याला माझ्यासमोर फोन लावला. "माझ्यासाठी वेळ काढलास, थँक्यू," असं मऊ आवाजात म्हणाले. पलीकडून उत्तर येईना. "हॅलो? ऐकू येतंय ना?" हे विचारत राहिले. मी गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढायला लागले.

आता हे जवळच्याच एका छोट्या वर्कशॉपला सल्ला द्यायला आठवड्यातून काही दिवस जातात. मालक मुलीच्या वयाचा आहे. अर्ज चालूच आहेत, बोलावणी कमी झालीत. आणि ह्यांचं बोलणं बदललंय. घरात पाणी मागताना प्लीज म्हणतात. चहा दिला की थँक्यू. मी काही सांगायला लागले की शेवटपर्यंत मान हलवत ऐकतात, आणि मला काय सांगायचं होतं तेच मी विसरून जाते. पूर्वी आवाज चढला की मला कापरं भरायचं. आता कधी कधी वाटतं, एकदा ओरडा. ते सांगायची सोय नाही.

परवा भाजीत मीठ दोनदा पडलं. हे पूर्ण जेवले. ताट उचलताना म्हणाले, "छान झालीय हं." त्यांच्या पाठोपाठ मी जेवायला बसले, आणि पहिला घास माझ्याच्याने गिळवला नाही.