लेक पेणलाच राहील

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार माझ्या आत्याचे. मी पाच वर्षांचा असताना तिनं मला गावाकडून रोह्याला आपल्या घरी आणलं, शाळेत घातलं, कॉलेज पूर्ण होईपर्यंत सांभाळलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी तिच्यामुळे झालो.

आता मी पेणला, रामवाडीत राहतो. चार वर्षांची लेक आणि वर्षाचे जुळे मुलगे. मी कंपनीत शिफ्टला, बायको दवाखान्यात नर्स. एक घरी आला की दुसरा निघतो. जुळ्यांना आम्ही दारातच एकमेकांच्या हातात देतो. मध्यंतरी लेकीच्या वेण्या घालता घालता मला झोप लागली आणि ती एकाच वेणीनं बालवाडीत गेली.

एका रविवारी सगळे आत्याकडे जेवायला गेलो. घास हातात असतानाच माझे डोळे मिटले.

"ताटावर झोपतोस काय रे?" आत्या म्हणाली. "पोरीला ठेव माझ्याकडं. तुला नाय वाढवला मी?"

तेवढ्यात लेकीनं ताट ढकललं. तिला वालाची भाजी नको होती, पापड हवा होता, आणि तोही तुटलेला नको होता.

"तुझ्यावर नाय हो गेली ही," आत्या हसली. "तू कधी काय मागितलं नायस. चार दिवसांत सरळ करते बघ हिला."

परतताना वडखळच्या अलीकडे बायको म्हणाली, "आत्या तुमची. नाही म्हणायचं तर तुम्हीच म्हणा."

फोनवर आत्या मला बोलू देत नाही. म्हणून पत्र लिहिलं.

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

लेकीला मी रोह्याला ठेवणार नाही. तू मला काही कमी केलं नाहीस, हे मी कुणालाही सांगेन. पण मी काही मागत नव्हतो, कारण ते मला माझं घर वाटत नव्हतं. पापड मलाही आवडायचा. आईपाशी मी रडून मागितला असता. तुझ्यापुढे गप्प बसायचो आणि तू सगळ्यांना सांगायचीस, पोरगा गुणी आहे. माझ्या लेकीला मला तसं गुणी करायचं नाही. आम्ही दमलोय, अजून दमू. ती इथंच ताट ढकलेल, मी ओरडेन आणि मग डब्यातून अख्खा पापड शोधून देईन. तू रागावलीस तरी हे बदलणार नाही.

येत्या रविवारी तू इकडे जेवायला ये. तुझी सून वाल भिजत घालणार आहे. पोरीला न्यायला मात्र येऊ नकोस.