कांद्याच्या दिवसांतलं माहेर

नावेवर राहून मी थकले होते. आज हे लिहायला सोपं आहे. तेव्हा बोलायची सोय नव्हती, कारण लग्न ठरल्यावर मैत्रिणींपुढे मीच नाक वर करून म्हटलं होतं, "तुमी बसा शेतात ढेकळं फोडत. मी नावेत बसून गावं बघत फिरनार!" फिरनार म्हणे! काय ती अक्कल!

सासरची माणसं दिवाळी झाली की इंद्रायणीत नाव सोडायची आणि मासे धरत, वाटेतल्या गावांत विकत भीमेला लागायची. परतायला उन्हाळा उजाडायचा. नावेत आम्ही तिघं, नवरा, सासू आणि मी. दिवसभर जाळं ओढायचं, फटींतून आत येणारं पाणी डब्याडब्यानं बाहेर टाकायचं, संध्याकाळी काठावर तीन दगड मांडून भाकरी भाजायची. लुगड्याचा काठ कधी वाळला नाही. जमिनीवर पाय टेकला तरी जमीनच हलतेय असं वाटायचं.

मोशीच्या काठाला नाव वर ओढावी लागली. फटी फारच वाढल्या होत्या. चिंध्या कोंबून वर डांबर द्यायचं होतं. माझं माहेर तिथून चाकणच्या बाजूला, चालत जाण्यासारखं. तो सोमवार होता. मी मनात हिशेब मांडला. आज गेले की उद्या मंगळवार, आणि मंगळवारी लेकीला सासरी धाडत नाहीत. म्हणजे एक अख्खा दिवस झोपायला मिळणार. त्या दिवसात आईला गाठून सांगायचं, "आये, नाव परत येईस्तोवर मला इथंच ठेवून घे." एवढ्यासाठीच निघायचं होतं मला.

भीत भीत सासूला विचारलं. ती डांबर ढवळत होती. मान वर न करता म्हणाली, "जा की. सावकाश ये."

इतक्या सहज? मला वाटलं, मी फारच हुशार.

घरी पोचले तर आईनं दारातच थांबवलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि हात धरून म्हणाली, "बरं झालं बये, आलीस! पोळ कांदा निघालाय. दादा तुझा पिंपरीच्या कारखान्यात चिकटला, बा खोकून खोकून आडवा. मी एकली किती वढू? उद्या मंगळवार हाय, तसंबी तुला धाडायची न्हाई."

माझा मंगळवार तिनं असा उचलला.

पहाटेच आम्ही दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला. उपटलेल्या कांद्याचा ढीग पुढ्यात, हातात विळा; पात कापायची, मुळ्या छाटायच्या, कांदा मागे टाकायचा. पुन्हा पुढचा. डोळ्यांतून धारा. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं, नावंवरची राणी, सासरची सय येतीया का?" बाया खिदळल्या. मी ठसक्यात म्हटलं, "येतीया तर! तिथं बसून खाते मी." विळा बोटाला लागला तो नेमका तेव्हाच. आई हसली नाही. माझ्या बोटाला चिंधी बांधताना तिनं माझा तळवा उलटा करून दोराचे वळ पाहिले, आणि पुन्हा पुढ्यातल्या ढिगाला लागली.

संध्याकाळी परतल्यावर मी ठरवलं, आता बोलायचंच. भाकरी झाली, बाला कढी भरवून झाली. आई भिंतीला टेकली. मी म्हटलं, "आये, ऐक ना." तिनं "हूं" केलं. मी पुढचं बोलायच्या आत तिची मान कलंडली. ताट मांडीवर, हातात तोडलेला घास, आणि ती झोपलेली. मी घास काढून घेतला तरी तिला कळलं नाही. मी ताट उचललं आणि बोलायचं राहू दिलं. हिच्याकडे मी विसावा मागणार होते!

बुधवारी निघताना तिनं मोजके कांदे पदरात बांधले. म्हणाली, "ऱ्हायला आली हुतीस न्हवं?"

"छ्या! भेटाया आलते."

"लबाड," ती म्हणाली. मग पदराची गाठ आवळत, "ऱ्हायची असशील तर ऱ्हा. माझं काय, मी न्हाई म्हननार न्हाई."

तिच्या मागं बाया खोळंबल्या होत्या. शेतावर जायला उशीर होत होता. "जाते," मी म्हटलं.

मोशीला पोचले तेव्हा नाव पाण्यात उतरली होती. नवऱ्यानं माझं तोंड बघून विचारलं, "आजारी हायेस का काय?" सासूनं मात्र माझे हात हुंगले आणि ती तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"आत्या, हसता काय?"

"मला ठावं हुतं. कांदा निघताना म्हायेरी धाडली की सून बुधवारी माघारी येतीच. मीबी अशीच आलते." मग जाळं बाजूला सारून फळ्यांवर गोधडी टाकली. "पड जरा. आज मी वल्हं धरते."

म्हातारीला वल्हं मारवत नव्हतं. दर चार हातांनी थांबून दम घेत होती. मी उठायला हवं होतं. उठले नाही. डांबराच्या वासात पडून राहिले. उन्हं चढली होती, म्हणजे एव्हाना आई ढिगापुढं बसली असणार, आणि तिच्या शेजारची माझी जागा मोकळी असणार, एवढं मनात आलं आणि झोप लागली.