चहात साखर जरा कमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिवयोगीचं पंक्चरचं दुकान ठाऊक नाही असा कामगार सापडणं कठीण. माणूस कामाला चोख, पण सकाळच्या वेळी त्याच्याकडे सायकल सोपवायची तर अंगात धीर हवा. एका हातात ट्यूब, दुसऱ्यात मोबाईल, आणि जीव सगळा त्या मोबाईलमध्ये. साठीला टेकलेला हा गडी रोज सकाळी कोडं सोडवत बसायचा.

मोबाईलवर त्यांचा एक ग्रुप होता. गुरु नावाचे निवृत्त मास्तर तो चालवायचे. रोज आठ वाजता ते एक वाक्य टाकत, पण त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या जागी भलतंच अक्षर घातलेलं असे. काना, मात्रा, वेलांटी तेवढी जागच्या जागी. कुठलं अक्षर कुणाच्या जागी बसलंय ते हुडकलं की वाक्य उलगडायचं. वाक्यात काही मोठं ज्ञान नसायचं. ‘नळाला पाणी आलं की टाकी भरून ठेवा’, असलंच काहीतरी. पण ते आपण फोडलं याची ऐट दिवसभर पुरायची. सोडवायचं जोडीनं, आपापसात बोलून, आणि बाराच्या आत उत्तर सरांना पाठवायचं. मग सर ग्रुपवर जोडीच्या नावापुढे ‘सुटलं’ लिहीत, नाहीतर ‘राहिलं’.

जोड्या सरांनी चिठ्ठ्या टाकून लावल्या होत्या. शिवयोगीच्या वाट्याला आली सांगोल्याची रुपाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दुपारपाळीला डाळिंबाच्या पॅकिंगला जाणारी. ती छोटे शब्द धरायची, तो लांबलचक. दोघांचं असं काही जमलं की त्यांच्या नावापुढे आजवर एकदाही ‘राहिलं’ लागलं नव्हतं. याचा शिवयोगीला गर्व होता आणि तो लपवायचा त्याने कधी प्रयत्नही केला नाही.

कोड्याच्या आजूबाजूने दोनचार ओळी इकडच्या तिकडच्याही व्हायच्या. तिच्याकडे टँकर आला का, याच्याकडे ऊन किती, भाजीला काय केलं. शिवयोगीची बायको तरुणपणीच गेलेली, पोरबाळ नाही. भाजीला काय केलं हे त्याला विचारणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. सुरुवातीला तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला अण्णा. त्याचं ताई कधी गळालं हे त्याचं त्याला कळलं नाही. तिचं अण्णा गळालं ते मात्र त्याच दिवशी कळलं, आणि त्या दिवशी त्याने एका सायकलचं पुढचं चाक सोडून मागचंच खोललं.

ग्रुपवर नुसती नावं दिसायची, आणि फोन नंबर दोघांनीही कधी मागितला नाही. सांगोला म्हणजे काही परदेश नव्हे, स्टँडवर जायचं आणि एसटीत बसायचं. शिवयोगीच्या हे कितीदा तरी मनात आलं. पण जाऊन सांगायचं काय? या वयात लोक तोंडात शेण घालतील. शिवाय तिच्या मनात तसलं काही नसलं, तर रोजची सकाळही हातची जायची. त्यापेक्षा आहे ते बरं, असं म्हणून तो पुन्हा ट्यूब पाण्यात बुडवायचा.

मग एक दिवस कोडं सुटल्यावर तिने लिहिलं, “माज्या पोरानं, बिरुदेवनं, पुण्याकडं खोली केलीया. नात झाली, तिला सांभाळाय कोण न्हाय. उद्या पोरगा गाडी घिऊन येतोय. तिकडं कोड्याला सवड न्हाय मिळायची. उद्याचं शेवटचं.”

“बरं हाय की,” शिवयोगीने लिहिलं. पोरगा आईला बोलावतोय, वाईट म्हणायचं तरी कसं? तो दिवस त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी आठला वाक्य आलं. शिवयोगीने पाहिलं आणि पाहताक्षणी त्याला ते सुटलं. चहात साखर जरा कमी घाला. इतकं सोपं वाक्य सरांनी कधी टाकलं नव्हतं, आणि आजच टाकलं. सरांचा असा राग त्याला पूर्वी कधी आला नव्हता. उत्तर पाठवलं की संपलं, मग बोलायचं कशाच्या निमित्तानं?

त्याने काहीच कळत नसल्याचं सोंग घेतलं. अर्ध्या तासाने एक अक्षर सुचवलं, तेही चुकीचं. तिकडूनही आज सगळं रडतखडत चाललं होतं. अकरा वाजून गेले तरी शेवटचा शब्द अडलेलाच.

“चहात साखर जरा कमी... पुडं काय असंल?” त्याने विचारलं.

“न्हाय बा सुचत,” ती म्हणाली. “माला?”

“माला कसं? चाला बगा.”

“चहात साखर कमी चाला? कुटं चाला?” तिने हसण्याची खूण पाठवली. शिवयोगीही हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ही बाई उद्या नसणार होती.

“अण्णा, चाक आज लागंल का?” सायकल घेऊन उभ्या राहिलेल्या येडूने विचारलं. शिवयोगीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाराला थोडा वेळ उरला तेव्हा तिने लिहिलं, “एक इचारू? तुमाला सकाळीच सुटलं हुतं न्हवं?”

शिवयोगीने हातातली ट्यूब खाली ठेवली. मग त्याने लिहिलं, “व्हय. तुमाला?”

“मलाबी. आठ वाजताच. आज लवकर संपवू वाटंना.”

दोघांनीही उत्तर पाठवलं नाही. बारा वाजले. ग्रुपवर सरांची यादी आली आणि त्यांच्या नावापुढे पहिल्यांदाच ‘राहिलं’ लागलं. बाकीचे चिडवायला लागले, एवढं सोपं वाक्य आणि दोघं अडलात? शिवयोगीचं तिकडे लक्षच नव्हतं. तो तिला लिहीत होता, पुसत होता, पुन्हा लिहीत होता. शेवटी त्याने लिहिलं, “मी येऊ का सांगोल्याला? आत्ता निगतो.”

तिचं उत्तर आलं, “मी सकाळीच निगाले. गाडी पुण्याच्या वाटंला टेंभुर्णीच्या पुडं आली. आदीच का न्हाय इचारलं?”

सांगोला दोन तासांच्या वाटेवर होतं, आणि आज सकाळपर्यंत ती तिथंच होती.