नव्या चुलीचं नारळपाणी

संशय घ्यायला मला कारण लागत नाही. भाजीवाल्याने जुडी जास्त दिली तरी पाणी कुठंतरी मुरतंय असंच मला वाटतं. त्यामुळे नवा स्टोव्ह बसवायला लोणखेड्याहून मिस्त्री आला आणि आमच्या घरातल्या चुलीकडे बघून गोड हसला, तेव्हाच मी मनात म्हटलं, हा फसवणार.

मी मोलगीच्या शाळेत शिकवते. थंडीत इथे पहाटेचं दव गवतावर गोठतं. घरात गॅस आहे, पण हिवाळ्यात माय कोपऱ्यातली चूल पेटवून तिच्यापुढे बसायची. मागच्या हिवाळ्यात तिचा दमा त्या धुराने असा उसळला की जीप करून तिला शहाद्याला न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हिला धूरही नको आणि गारठाही नको. ब्राह्मणपुरीचा माझा भाऊ तिला न्यायला तयारच होता. मायला मात्र जायचं नव्हतं. बाजाराच्या दिवशी आमचूर विकायला येणाऱ्या बाया आमच्या ओट्यावर टेकतात, त्यांच्यात तिचा जीव रमला होता. मलाही ती इथेच हवी होती, पण हे मी तिला कधी धड सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, "स्टोव्ह चालला तर ठीक, नाहीतर तुला खाली ब्राह्मणपुरीला सोडून येईन."

हा पेलेटचा स्टोव्ह होता. कापसाच्या पऱ्हाट्या दळून, दाबून केलेल्या बोटभर कांड्या त्याच्या वरच्या डब्यात भरायच्या, त्या हळूहळू खाली पडून जळतात. जुनी चूल काढून त्याच कोनाड्यात तो बसवायचा आणि त्याचा पाइप जुन्या धुराड्यातून वर न्यायचा. मिस्त्री दुपारभर काम करत होता आणि मी दुपारभर त्याच्या पाठीशी उभी. पत्रा पातळ वाटला, तेही बोलले. कांडी मोडून हुंगली. दाराचा स्क्रू घट्ट नाही म्हणून त्याला परत पिळायला लावला. तो बिचारा सगळं करत गेला. त्याच्या गरीबपणाचाच मला जास्त संशय आला.

शेवटी त्याने मूठभर कांड्या टाकून पेटवून दाखवलं. धूर नाही, नुसती ऊब. मायने तळवे पुढे केले, पण तोंड वाकडंच होतं. "नवी चूल तशीच पेटाडतस का?" ती पुटपुटली.

"माय, ही चूल नाही, मशीन आहे," मी फटकारलं.

मिस्त्रीने डबा काठोकाठ भरून दिला. जाताना म्हणाला, "ताई, याले पानी चालत नई. पानी लागनं का कामथून गयं."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोव्ह पेटेना. डबा उघडला तर कांड्या गायब, आत नुसता फुगलेला भुसा. माझं डोकंच फिरलं. फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. भुसा दाबून विकता, म्हातारीच्या जिवावर धंदा करता, काय नि काय. तो म्हणाला, "आत्तेच येस मी, ताई." गारठ्यात मोटारसायकलवरून घाट चढून तो दुपारी पोचला. आम्ही जेवत होतो. ताटात ओल्या खोबऱ्याची चटणी होती. नारळ कुठून आला, हे मी विचारलंसुद्धा नाही. जिथे संशय घ्यायचा तिथे घेतला नाही!

त्याने डब्यात हात घातला, ओंजळभर भुसा बाहेर काढून बोटांनी चाळला. मग माझ्या मायकडे बघितलं. ती भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती, खाली मान घालून.

"मन्हीच चूक शे, ताई," तो म्हणाला. "थैली वल्ली व्हती, मन्हा ध्यानमा उनं नई. दुसरी आनी देस." आणि मूठ मिटून उठला.

मूठ मिटायच्या आधी मला दिसलं होतं. भुशात कुंकवाने लाल झालेले तांदळाचे दाणे होते.

आमच्याकडे नवी चूल मांडली की पहिल्या आगीआधी तिला हळद-कुंकू वाहतात, अक्षता टाकतात, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडतात. न पुजता पेटवलेली चूल घराला लाभत नाही, असं मायचं ठाम मत. मी उठायच्या आत तिने मशीनची राहिलेली पूजा उरकली होती. स्टोव्हचं तोंड कुठलं ते तिला कळलं नसणार, म्हणून नारळाचं सगळं पाणी वरच्या डब्यात, कांड्यांवर ओतलं.

"माय, सकाळी मी फोनवर एवढी भांडत होते, तेव्हा का नाही बोललीस?"

तिने भाकरी ताटात ठेवली. "तू माले खाले धाडी दिशी, असं वाटनं."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारी मी, आणि चोर म्हणावं तर तो माझ्याच धाकाने गप्प बसलेला. मी धावत अंगणात गेले. मिस्त्री मफलर गुंडाळून किक मारत होता.

"भाऊ, थांबा. मी बघितलं. चूक आमची आहे, आणि मी तुम्हाला नको ते बोलले."

तो लाजला. "म्हतारं मानूस शे, ताई. तिले बोलू नका."

मी त्याला आत आणून चहा दिला. मग दोघांनी मिळून डबा पुसून कोरडा केला आणि घरात ठेवलेल्या दुसऱ्या थैलीतल्या कांड्या भरल्या. हळद-कुंकवाची कोयरी मी स्वतः आणून मायपुढे धरली. तिने स्टोव्हच्या दारावर, बाहेरून, अगदी जपून दोन बोटं टेकवली. पाण्याचा थेंबही जवळ आणला नाही.

आग धरली. मिस्त्री गेला. माय स्टोव्हपुढे बसली, आणि माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मंग मी ऱ्हाऊ ना आठे?"