बाकावरचा डावखुरा

“अबे उतरव ना त्याले! काहून बसवून ठेवलं बे पोराले?”

दादा ओरडत होता. ज्याच्यावर ओरडत होता तो कोच क्रोएशियात, आणि दादा अकोल्याजवळच्या आपल्या वांग्यांच्या वावरात, कॅरेटला टेकवून ठेवलेल्या माझ्या मोबाइलसमोर. त्याचा आवाज असा, की पार तेल्हाऱ्यापर्यंतचे बगळे उडाले आणि त्या कोचनंही एकदा दचकून मागं पाहिलं. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारा.

पोरगा एकोणीस वर्षांचा. समुद्राकाठच्या कुठल्याशा गावातून अकराव्या वर्षी मोठ्या क्लबच्या वसतिगृहात गेलेला, अठराव्या वर्षी करार झालेला, आणि मग ‘जा, शिकून ये’ म्हणून दुसऱ्या डिव्हिजनच्या एका लहानशा क्लबकडे वर्षभरासाठी धाडलेला. त्या क्लबचे फुटबॉलचे सामने मोबाइलवर फुकट दिसतात. शनिवारी तिकडे दुपार असते तेव्हा आपल्याकडे दिवेलागण. मी अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो. शनिवारी दुपारी क्लास सुटला की एसटी धरून दादाकडे येतो.

पहिल्यांदा तो सामना सहजच लागला होता. दादाला मैदानातले अकरा जण दिसलेच नाहीत. रेषेबाहेर राखीव खेळाडूंचं बिब घालून, डाव्या पायानं बॉल ढकलत एकटाच पळणारा हा दिसला. “डावखुरा हाये,” एवढंच म्हणाला. त्याला आठ शनिवार झाले. पोरगा एकदाही आत गेला नाही आणि दादानं एकही सामना चुकवला नाही.

दादाही डावखुरा. क्लासमधल्या पोरांना मी सांगत असतो, की आमच्या दादानं अकोल्यात कॉर्नर मारला की बॉल थेट तिवशाला उतरायचा, आणि तिथला कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट फाडून त्याला परत आणायचा. एका गोलकीपरनं तर दादाचा एक शॉट पोटावर झेलला आणि दुसऱ्या दिवशी पानठेला टाकला. पोरं वह्या मिटून ऐकतात. खरं एवढंच, की एकोणिसाव्या वर्षी दादा अकोल्यातल्या एका चांगल्या क्लबात निवडला गेला, अख्खा मोसम बाकावर बसला, एक मिनिटही खेळला नाही, आणि पुढच्या मोसमात त्याला कोणी बोलावलं नाही. प्रत्येक सामन्याला मी दोरीपलीकडे उभा असायचो. त्याला एकदा खेळताना पाहायचं होतं. अजूनही पाहायचं आहे, म्हणून तर गोष्टींतले एवढे गोल मला एकट्याला मारावे लागले.

त्या शनिवारी सामना संपायला चार मिनिटं उरली असताना कोच बाकाकडे वळला. पोरगा झटकन वाकून बुटाची लेस बांधू लागला.

“बांधलेलीच हाये ते,” दादा हळूच म्हणाला. “कोचनं आपल्याकडे पाह्यलं का लेस बांधाची. त्याले वाटलं पायजे, पोट्टा तयार हाये.”

“तू बी बांधत होता काय?”

“एका मॅचमंदी धा-धा खेपा.”

तेवढ्यात नंबराची पाटी वर झाली आणि पोरगा खरंच आत गेला. दादा ताडकन उभा राहिला. पहिला बॉल पोराच्या पायाखालून बाहेर गेला. दुसरा त्यानं डावीकडे घेतला, एकाला चकवलं आणि गोलसमोर असा सुरेख क्रॉस टाकला, की अनवाणी उभ्या दादाचा डावा पायही वीतभर उचलला गेला. गोलसमोर कोणीच नव्हतं. बॉल तसाच पलीकडे निघून गेला, शिट्टी वाजली. इथं मला एक गोल घालता आला असता, जाळी फाडूनच. पण दादा शेजारी होता.

पडद्यावर पोरगा घाम पुसत, हसत बाहेर येत होता. दादा तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला. मग मी पंचवीस वर्षांत न विचारलेलं विचारलं.

“दादा, तुले तवा उतरवलं असतं तं?”

त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला आणि कॅरेट उचललं.

“उतरवलं नाई ना,” तो म्हणाला.